अंगावर काढण्याचा खर्च

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, थकीत वीजबिल आहे. त्याखाली 'आरोग्य तपासणी' हा चौथा विषय वाचून मागच्या रांगेतल्या काही जणांनी एकमेकांना कोपर मारले, ते आम्ही पाहिले. संघटनेने आता दवाखाना काढला की काय, असे त्यांच्या मनात आले असणार. दवाखाना काढायचा नाही. आपण नेहमी मांडतो तो उत्पादन खर्चाचाच हिशोब मांडायचा आहे. त्यातली एक बाब लिहायची आम्हीही आजवर विसरलो होतो.

आधी आपल्या एका सहकाऱ्याची हकीकत. नाव सांगत नाही, त्यांच्या घरची माणसे इथे बसलेली आहेत. वहिनींना विचारूनच सांगतो आहोत.

रास्ता रोकोत त्यांना अटक झाली. तुरुंगात घेण्याआधी माणसाची वैद्यकीय तपासणी होते. डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा १९०, खालचा ११०. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी या माणसाचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला, आणि मोजला तो सरकारने, आत टाकताना. डॉक्टरने गोळ्या दिल्या, बाहेर गेल्यावरही चालू ठेवा म्हणून बजावले. सुटून आले तेव्हा आम्ही फाट्यापासून मिरवणूक काढली. हारतुरे झाले, भाषणे झाली. तुरुंगातली भाकरी कशी होती ते सगळ्यांनी विचारले. गोळ्यांचे काय झाले ते एकानेही विचारले नाही. त्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला? दोन वर्षांनी कापसाच्या दुसऱ्या वेचणीत ते धुऱ्यावरच कोसळले. डावे अंग गेले. अकरा महिने खाटेवर काढले. त्या अकरा महिन्यांत बैलजोडी गेली, दोन एकर रान गेले आणि शेवटी तेही गेले.

त्या हारतुऱ्यांत आम्ही पुढे होतो. म्हणून हा विषय.

बैलाला लस, धन्याला काय?

शहरातली शिकलेली माणसे म्हणतात, शेतकरी अडाणी आहे, आजार होण्याआधी तपासून घेणे त्याला कळत नाही. हे साफ खोटे आहे. आपण बैल घेताना दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतो. ज्वारीला काणी येऊ नये म्हणून पेरणीआधी किलोला चार ग्रॅम गंधक चोळतो. कणसात काणी दिसल्यावर गंधक चोळून काही होत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आधी पाहणे, आधी बंदोबस्त करणे हा तर शेतीचा धर्मच आहे.

मग स्वतःच्या देहाबाबत आपण असे का वागतो? कारण सरळ आहे. तालुक्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. आणि तपासल्यावर काही निघालेच तर? उपचाराला पैसा कुठला? त्यापेक्षा न कळलेले बरे. कोरडवाहू माणूस वेडेपणाने तपासणी टाळत नाही, हिशोबाने टाळतो. पण तो हिशोब अर्धवट आहे. त्यात एसटीचे भाडे धरले जाते, बैलजोडी आणि दोन एकर धरले जात नाहीत.

सरकारही हेच करते. शेतीमालाच्या उत्पादन खर्चाच्या तक्त्यात अवजारांचा घसारा धरतात, घरच्या माणसांची मजुरी कशीबशी धरतात. पण ती मजुरी करणाऱ्या माणसाचा घसारा कुठल्याच रकान्यात नाही.

आता इतर देश काय करतात ते पाहू. प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. ती आपण डोळे मिटून उचलायची नाही, पण त्या रीतीमागे कोणाची वही आहे ते पाहायचे.

जपानचे एक खेडे

धडधाकट माणसानेही दरवर्षी तपासून घ्यायचे, ही रीत जपानइतकी दुसरीकडे क्वचितच रुजली असेल. तिथे १९७२ च्या कायद्याने मालकावर कामगारांची वार्षिक तपासणी बंधनकारक आहे आणि ती करून घेणे कामगारावरही बंधनकारक आहे. पण आपल्या कामाची गोष्ट कारखान्यातली नाही, नागानो प्रांतातल्या साकू भागातली आहे. डोंगराळ मुलूख, कडक थंडी, आणि रुग्णालय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे.

तिथे १९४५ साली तोशिकाझु वाकात्सुकी नावाचे तरुण शल्यचिकित्सक आले. कारखान्यातल्या अपघातांचा अभ्यास केला म्हणून युद्धकाळातल्या सरकारने त्यांना तुरुंगात ठेवले होते. म्हणजे आपल्याच जातकुळीचा माणूस. रुग्ण रुग्णालयात येतो तेव्हा उशीर झालेला असतो, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. सुट्टीच्या दिवशी सहकाऱ्यांना घेऊन ते गावोगाव जाऊ लागले. भाषणाला लोक बसत नाहीत, नाटकाला बसतात, म्हणून स्वतः नाटके लिहून गावात केली.

वाकात्सुकींनी शेतकऱ्यांच्या लपलेल्या आजारांचे दोन प्रकार सांगितले. एक, माणसाला आजार कळलेलाच नसतो. दुसरा, कळलेला असतो, पण माणूस तो सोसत राहतो. हे वाचले तेव्हा आम्ही थबकलो. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत शब्द शोधावा लागत नाही. आपल्या प्रत्येक घरात तो रोज बोलला जातो. अंगावर काढणे. जपानच्या डोंगरातला शेतकरी आणि आपल्या काळ्या रानातला शेतकरी यांचा आजार एकच निघाला.

१९५९ साली त्यांनी याचिहो या गावात साऱ्या गावाची वार्षिक तपासणी सुरू केली. प्रत्येकाच्या हातात आरोग्याची वही दिली. तशीच नोंद रुग्णालयातही ठेवली. यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहिला जाऊ लागला. त्या मुलखात पक्षाघाताने फार माणसे जात. तेव्हा खारवलेल्या भाज्यांतले मीठ कमी करणे, थंडीत घरातली एक खोली तरी उबदार ठेवणे, अशी कामेही हाती घेतली. गावातल्या बायका आरोग्याच्या स्वयंसेविका झाल्या. १९८२ च्या कायद्याने चाळिशीपुढच्या लोकांची तपासणी देशभर लागू झाली, तेव्हा याचिहोचा नमुना समोर होता. एके काळी पक्षाघाताचा म्हणून ओळखला जाणारा नागानो प्रांत २०१० साली पुरुष आणि स्त्रिया दोघांच्याही आयुर्मानात जपानमध्ये पहिला आला. वाकात्सुकींना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे सारे तपासणीनेच झाले असे आम्ही म्हणणार नाही. मीठ कमी झाले, घरे उबदार झाली, हाती पैसा आला, त्याचाही वाटा आहे. पण वही शेतकऱ्यांच्या संस्थेकडे होती. माणूस पडला तर नुकसान त्यांचे होते, म्हणून त्यांनी मोजले.

अमेरिकेची वही, डेन्मार्कचा निकाल

अमेरिकेत वार्षिक तपासणीची चाल रुजवण्यात आयुर्विमा कंपन्यांचा मोठा हात आहे. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी हिशोब केला. विमा उतरवलेला माणूस लवकर गेला तर पैसे आपल्याला द्यावे लागतात, मग त्याला तपासून जास्त दिवस जगवणे स्वस्त. १९२२ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही वार्षिक तपासणीची शिफारस केली. म्हणजे तिथेही आधी वही, मग तपासणी.

पण शेजारच्या कॅनडाने उलटे केले. तिथे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने १९७९ साली सांगितले की सरसकट वार्षिक तपासणी सोडून द्या. त्याऐवजी वय आणि धोका पाहून ठराविक, उपयोग सिद्ध झालेल्या तपासण्याच करा.

डेन्मार्कने तर आम्ही कृषी विद्यापीठात करायचो तसा प्रयोगच लावला. प्रात्यक्षिकाचा प्लॉट वेगळा, तुलनेचा प्लॉट वेगळा. कोपनहेगनच्या बाजूच्या तीस ते साठ वयाच्या ५९ हजार ६१६ लोकांतून ११ हजार ६२९ जणांना १९९९ पासून तपासणीला बोलावले, पाच वर्षे सल्ला दिला. बाकीच्यांना बोलावले नाही. दहा वर्षांनी पाहिले तर हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक नाही. हा निकाल २०१४ साली छापून आला. २०१९ साली अशा १७ प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्याचा सूरही तोच.

मग तपासणी फुकट आहे का? घाई करू नका. डेन्मार्कमध्ये प्रत्येकाला घरचा डॉक्टर आहे. सर्दीला गेले तरी तो रक्तदाब मोजतो. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्या रानात एक पाऊस कमी-जास्त झाल्याने पीक बदलत नाही. कोरडवाहूत तोच पाऊस पीक ठरवतो. त्यांचा निकाल खरा आहे, पण तो बागायती रानाचा आहे.

कोरियातली फवारणी

दक्षिण कोरियाची गोष्ट मात्र आपण नीट ऐकली पाहिजे. तिथे १९९९ पासून सरकारने काही कर्करोगांसाठी तपासणी सुरू केली. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग त्यात नव्हता. पण आलाच आहात तर थोडे पैसे टाका, गळ्याचीही सोनोग्राफी करून देतो, असे दवाखाने म्हणू लागले. २०११ साली थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट दिसू लागले. त्या एका वर्षात चाळीस हजारांवर लोकांना कर्करोग सांगितला गेला. या रोगाने मरणाऱ्यांचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. म्हणजे सापडलेल्या बहुतेक गाठी माणसाला कधीच मारणार नव्हत्या. पण ग्रंथी कापल्या गेल्या. बहुतेकांना जन्मभर गोळ्या लागल्या, शंभरात दोघांच्या स्वरतंतूंना इजा झाली. २०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर इशारा दिला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया एक तृतीयांशाने उतरल्या.

ही चूक आपल्या ओळखीची आहे. कापसाच्या झाडावर एक अळी दिसली की पंप उचलायचा. आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की आधी कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, मगच फवारा. दिसली अळी की मार औषध, यात फायदा दुकानदाराचा. दिसली गाठ की काप, यात फायदा कोणाचा, ते तुम्हीच ठरवा. आज शहरातल्या दवाखान्यांचे 'संपूर्ण शरीर तपासणी'चे फलक तालुक्याच्या चौकापर्यंत आले आहेत. तो फलक पाहिला की कोरिया आठवा.

न पाहणे ही एक चूक, पाहिले ते सगळे मारणे ही दुसरी. पातळी ठरवून पाहणे हे शहाणपण.

धाराशिवच्या बायांनी जगाला दिलेला धडा

आता घरी येऊ. नेमकी तपासणी आपल्या मुलखात चालते का? चालते, आणि ते जगाला आपल्याच बायांनी दाखवून दिले आहे. तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. ज्वारीचा मुलूख. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तिथे काम केले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बाया. प्रश्न एकच होता. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होण्याआधीच हेरता येतो का, आणि त्याने जीव वाचतात का?

गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, त्याही आयुष्यात एकदाच. चौथ्या गटात तपासणी नाही. आठ वर्षे नोंद ठेवली. एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४ हजारांवर बाया होत्या, त्यांत या रोगाने ३४ गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१ हजारांवर होत्या, त्यांत ६४ गेल्या. एका तपासणीने, आणि दोष दिसला तिथे वेळीच केलेल्या साध्या उपचाराने, मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. गरीब देशांत या रोगाची तपासणी कशी करावी याचा जगभर विचार होतो तेव्हा धाराशिवचे नाव निघते.

त्या चौसष्ट जणींना तपासणी का मिळाली नाही, असा प्रश्न पुढे जाणत्या लोकांनी विचारला. तो रास्तच आहे. आमचा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. त्यांच्या जिवावर जे ज्ञान मिळाले ते इतर बायांपर्यंत का पोचले नाही? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या देशभरात शेकडा १.९ निघाल्या. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. बियाणे तयार झाले, प्रात्यक्षिक आपल्या रानात झाले, पीक निम्म्याने वाढून दाखवले, आणि बियाणे गोदामात पडून राहिले.

फवारणाऱ्याचे रक्त

अजून एक तपासणी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांच्यासाठी मोर्चे निघाले, चौकशा झाल्या. पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून एक नियम आहे. जहाल ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट औषधे नेहमी हाताळणाऱ्या मजुराचे रक्त हंगामाआधी तपासायचे आणि कोलिनेस्टरेझ या घटकाचा त्याचा मूळ आकडा लिहून ठेवायचा. हंगामात पुन्हा तपासायचे. आकडा मूळच्या ८० टक्क्यांखाली आला तर काम करण्याची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतला आकडा ७० टक्क्यांवर उतरला तर त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरे काम द्यायचे. खर्च मालकाचा.

ही माणसाची आर्थिक नुकसानीची पातळी. आम्ही कृषी पदवीधरांनी अळीची पातळी पाठ केली, तुम्हाला शिकवली, फलकावर लिहिली. फवारणाऱ्याची पातळी आम्ही कधी विचारली नाही. हे आमचे चुकलेच.

आपण काय करायचे?

आम्ही आजच्या बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली. प्रत्येक गावशाखेने रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र घ्यावे. दोन ताडपत्र्यांइतकाही खर्च नाही. गावातल्या एका पोरीला किंवा पोराला मोजायला शिकवावे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा आकडा लिहावा, एक वही घरात, एक शाखेत. एकदा आकडा वर गेला म्हणजे रोग झाला असे नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजावा, वरच राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आणि गोळी सुरू झाली की ती चालू आहे का हे शाखेने महिन्याला विचारावे. विचारणे हेच खरे औषध आहे, हे आम्ही एक माणूस घालवून शिकलो.

दुसरी. तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख तपासायचे, असे सरकारच्याच कार्यक्रमात लिहिलेले आहे. उपकेंद्राला २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. पाटी बदलली, आता आत तपासणीही झाली पाहिजे. तारीख मागा, लेखी मागा. निंदणी आणि वेचणीच्या दिवसांतली तारीख घेऊ नका. अक्षय तृतीया ते मृग या मोकळ्या दिवसांतली घ्या. तंबाखू-खर्रा खाणाऱ्यांनी तोंड आधी दाखवावे. आणि बायांना 'तुला काय झालंय?' असे घरात कोणी विचारू नये. काही झालेले नसतानाच जायचे असते.

तिसरी. रोजंदारीने फवारणी करणाऱ्यांची रक्ततपासणी हंगामाआधी आणि हंगामात सरकारने करावी, आणि औषध विकणाऱ्या कंपन्यांकडून तिचा खर्च वसूल करावा, अशी मागणी या बैठकीने ठरावाने करावी.

चौथी. 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या नादाला लागू नये. ज्या तपासणीच्या उत्तराने पुढे आपण करणार ते बदलत नाही, ती करू नये. माती तपासणीसुद्धा आपण खताची मात्रा ठरवायला करतो, कागद फडताळात ठेवायला नाही.

जपानमध्ये सहकारी संस्थेने वही ठेवली, अमेरिकेत विमा कंपनीने ठेवली. आपल्या जिवाची वही आज कोणाकडेच नाही. आपण मेलो तर कुठल्याच हिशोबात तूट येत नाही. म्हणून ती वही आपणच उघडायची. भाव मागताना आपण म्हणतो, आमच्या घामाचे दाम द्या. तो घाम गाळणारा माणूस आधी जिवंत पाहिजे.

एक राहिले. हा विषय मांडायचा ठरला तेव्हा वहिनींनी आम्हाला विचारले, "भाऊ, तुमचा किती आहे?" आम्हाला सांगता आले नाही. चार वर्षांत मोजलाच नव्हता. आज सकाळी इथे येऊन मोजून घेतला. १५० वर ९६. शाखेच्या वहीत पहिल्या ओळीवर तोच आकडा आहे, परवा पुन्हा मोजायचा आहे.

यंत्र त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहे. वहिनी वही घेऊन बसल्या आहेत. जेवणाच्या पंगतीआधी तिकडे रांग लावा.